सराव सामन्यांचा निकाल किती मनावर घ्यावा?

अमेरिकी फुटबॉलमध्ये डेट्रॉइट लायन्सने २००८ साली हंगामपूर्व चारही सामने जिंकले आणि मुख्य हंगामातले सोळाच्या सोळा गमावले. क्लीव्हलँड ब्राउन्सच्या वाट्याला २०१७ मध्ये नेमके हेच आले. उलट २००५ चा इंडियानापोलिस कोल्ट्स संघ हंगामापूर्वी पाचही सामने हरला आणि नंतर सोळापैकी चौदा जिंकला. कारण सरळ आहे: या काळात संघात ९० जण असतात, त्यांतून ५३ निवडायचे असतात. म्हणून मुख्य खेळाडू थोडा वेळच खेळतात, प्रशिक्षक खरे डावपेच झाकून ठेवतात आणि उत्तरार्धातला धावफलक बहुधा राखीव खेळाडूंचा असतो.

यावर कुणी बाल्टिमोर रेव्हन्सकडे बोट दाखवील. त्यांनी २०२३ पर्यंत सलग २४ हंगामपूर्व सामने जिंकले, आणि संघही चांगलाच होता. पण या विजयांतून दिसली ती राखीव फळीची ताकद. २०२१ मध्ये त्याच मालिकेच्या ऐन भरात मुख्य हंगामात त्यांचे आठ विजय आणि नऊ पराभव झाले. तेव्हा पाहायचेच असेल तर पहिल्या फळीचे मोजके डाव पाहा, नवोदितांची चूक सुधारण्याची गती पाहा, दुखापतींची यादी वाचा. अंतिम गुणसंख्या खुशाल सोडून द्या.