फ्लाइंग क्लब

फ्लाइंग क्लब ही सभासदांनी एकत्रितपणे विमाने बाळगण्यासाठी व उड्डाणाचे शिक्षण देण्या-घेण्यासाठी स्थापन केलेली संस्था होय. भारतातील जुन्या क्लबांपैकी बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये मुंबईतील जुहू येथे सुरू झाला. जे. आर. डी. टाटा यांनी येथेच शिक्षण घेऊन १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला. पुढे क्लबचे प्रशिक्षण धुळ्याच्या धावपट्टीवरही होऊ लागले.

अशा क्लबात विमानाची नोंदणी सहसा संस्थेच्या नावावर असते. सभासदाला उड्डाणाचा व मताचा हक्क मिळतो. विमानात हिस्सा मिळत नाही. ब्रिटन व अमेरिकेतील काही क्लबांत मात्र सभासद हिस्सा विकत घेतो आणि क्लब सोडताना तो विकू शकतो.

विमा व हँगरचे भाडे विमान उभे असले तरी द्यावेच लागते, म्हणून ते वर्गणीतून भागवतात. इंधन व देखभालीचा खर्च उड्डाणाच्या तासाच्या दरात धरतात. याच दरातील काही रक्कम इंजिनाच्या संपूर्ण दुरुस्तीसाठी राखून ठेवणे आवश्यक असते. सेस्ना १७२ च्या लायकमिंग इंजिनासाठी उत्पादकाने सुमारे २,००० तासांची मुदत सुचवली आहे. ही रक्कम न आकारल्यास दर स्वस्त दिसतो. परंतु मुदत संपताच सगळा बोजा त्या वेळच्या सभासदांवर पडतो आणि आधी उडून गेलेले मोकळे राहतात. त्यामुळेच हिस्सा विकत घेताना इंजिनाचे उरलेले तास आणि राखीव निधी हे दोन्ही पाहिले जातात.