निरोगी माणसांची तपासणी

रोग झाला म्हणजे वैद्याकडे जावें, ही रीत आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. परंतु अंगीं रोग नसतांना ज्यांना दरवर्षीं रुग्णालयाची पायरी चढावी लागते, त्यांच्या मनाची स्थिति कशी असेल?

१९९४ सालीं बीआरसीए-१ आणि १९९५ सालीं बीआरसीए-२ हीं दोन जनुकें शास्त्रज्ञांच्या हातीं लागलीं. तीं आपणां सर्वांच्याच शरीरांत असतात. त्यांपैकीं एकांत जन्मतः दोष असला, तर अशा शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ७० जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. हा दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनहि येतो, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. (चौकशी मात्र बहुधा आईच्या माहेरचीच होते!)

अशा स्त्रियांनीं पंचविशीपासून दरवर्षीं एमआरआय व तिशीपासून जोडीला मॅमोग्राफी करावी, असा सल्ला देतात. एमआरआयची नजर तीक्ष्ण खरी. पण तीक्ष्ण नजरेला निरुपद्रवी गांठहि संशयास्पद दिसते. मग पुन्हां बोलावणें येतें, सुईनें तुकडा काढतात, आणि अहवालाची वाट पाहाणें नशिबीं येतें. तारीख जवळ आली कीं झोंप उडते. अहवाल निर्दोष निघाला कीं जीव भांड्यांत पडतो, आणि बहुतेकींचें मन लौकरच स्थिरावतें. पण त्या अहवालाचें आयुष्य एका वर्षाचेंच! ज्या वयांत आईला हा रोग झाला, तें वय जवळ येऊं लागलें म्हणजे मुलीच्या मनावरील ओझें विशेष जड होतें. दोन बहिणींपैकीं एकीलाच दोष निघाला, तर दुसरीनें आनंद मानावा अशी आपली अपेक्षा. परंतु पुष्कळदां तिला आपण सुटलों याचीच टोंचणी लागते.

अंडाशयाची गोष्ट याहून कठिण. तेथील कर्करोग वेळींच हुडकणारी भरंवशाची तपासणी आजहि नाहीं. म्हणून बीआरसीए-१ मध्यें दोष असलेल्या स्त्रियांना अपत्यें झाल्यावर, ३५ ते ४० च्या वयांत, अंडाशय काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. येथें निर्णय तिचा. घरच्यांनीं घाई करूं नये.

तपासणी टाळल्यानें भीति टळत नाहीं. धोका तेवढा नजरेआड होतो. "काळजी करूं नकोस" या उपदेशाचाहि उपयोग थोडाच. त्यापेक्षां अहवाल कोणत्या दिवशीं मिळणार हें आधींच विचारून ठेवावें, आणि त्या दिवशीं घरांतील कोणी तरी तिच्याबरोबर जावें.