औष्णिक विद्युत् केंद्रांचे लवचीक परिचालन

वारा व सूर्यप्रकाश यांपासून मिळणाऱ्या अनियमित विजेशी मेळ घालण्यासाठी औष्णिक केंद्राचे उत्पादन वारंवार कमी-जास्त करण्याची पद्धत. विजेची मागणी व पुरवठा यांचा समतोल प्रत्येक क्षणी राखावा लागतो. तो ढळल्यास विद्युत् जालाची कंप्रता (भारतात ५० हर्ट्‌झ) बदलते. एकूण मागणीतून वारा व सूर्य यांपासूनचे उत्पादन वजा करून उरणाऱ्या मागणीस निव्वळ भार म्हणतात. दुपारी सौर उत्पादन उच्चतम असताना हा भार घटतो. सूर्यास्ताच्या सुमारास सौर उत्पादन ओसरते, दिव्यांची मागणी वाढते व तो झपाट्याने चढतो.

कोळशावरील जुने संच मुख्यतः स्थिर भारासाठी अभिकल्पित केलेले आहेत. भार फार कमी केल्यास भट्टीतील ज्योत अस्थिर होते व ती टिकविण्यासाठी तेल जाळावे लागते. कार्यक्षमताही घटते आणि प्रत्येक युनिटमागे अधिक कोळसा लागतो. तापमान व दाब सतत बदलल्याने बाष्पित्राचे जाड भिंतींचे भाग, नळ्यांचे सांधे आणि टरबाइनाचा घूर्णक यांचे पुनःपुन्हा प्रसरण-आकुंचन होऊन धातूस शिणवटा येतो व सूक्ष्म तडे पडतात. पूर्ण थंड झालेला संच पुन्हा सुरू करताना ही हानी विशेष होते. ती तत्काळ दिसत नाही. पुढे नळ्या फुटून संच अकस्मात बंद पडतात.

भारतात २०१६ मध्ये केंद्रीय व आंतरराज्य केंद्रांतील संचांसाठी किमान भार क्षमतेच्या ५५% ठरविण्यात आला. २०१८ मध्ये दादरी (उत्तर प्रदेश) येथील ४९० मेवॉ. क्षमतेचा संच ४०% भारावर चालवून पाहण्यात आला. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनी कोळशावरील संचांसाठी ४०% हीच मर्यादा ठरविली. ७० ते १००% या कक्षेत दर मिनिटास किमान ३% भारबदलाची क्षमताही आवश्यक केली. जलविद्युत् व उदंचन-संचय केंद्रे (उदा., महाराष्ट्रातील घाटघर, २५० मेवॉ.) हा ताण काही अंशी हलका करतात.

या झिजेमुळे नवीकरणीय ऊर्जेचा लाभ नाहीसा होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेच्या २०१३ मधील अभ्यासानुसार, संचांच्या चढउतारामुळे वाढणारे कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन एकूण बचतीच्या तुलनेत नगण्य ठरते. तथापि केंद्र कमी वीज निर्माण करूनही सदैव सज्ज ठेवावे लागत असल्याने, त्याच्या सज्जतेचे व झिजेचे मूल्य वीजदरात स्वतंत्रपणे धरणे आवश्यक ठरते.