लॅपटॉपास बाहेरून जोडावयाचें ग्राफिक्स कार्ड

जुन्या लॅपटॉपवर त्रिमित चित्रें अडखळूं लागलीं, कीं नवा घ्यावा अथवा बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडावें, असें विद्यार्थी आम्हांस पुसतात. प्रश्न पालकांच्या पैशाचा आहे, म्हणून हा खुलासा.

कार्डापेक्षां वाट महत्त्वाची. मोठ्या संगणकांत कार्डास पीसीआय एक्स्प्रेसच्या १६ मार्गिका मिळतात. लॅपटॉपाच्या एम.२ खाचेंत अडॅप्टर बसवून कार्ड जोडलें, तर मार्गिका फार तर ४. वाय-फायच्या खाचेंत बहुधा एकच. तिसऱ्या पिढीची एक मार्गिका सेकंदास सुमारें १ गिगाबाइट नेते. तेव्हां अशा खाचेस भारी किंमतीचें कार्ड जोडणें म्हणजे बोळांतून रथ हांकणें होय! पडदा मात्र कार्डासच जोडावा, म्हणजे चित्रास त्याच बोळांतून परत यावें लागत नाहीं.

कार्ड आपल्या खाचेंतून ७५ वॅटपर्यंत वीज घेतें, आठ पिनांच्या जोडणींतून आणखी १५०. लॅपटॉपाच्या चार्जरास हा भार पेलत नाहीं. निराळा पॉवर सप्लाय हवाच, आणि त्याचा खर्च आधींच धरावा.

एम.२ ची जोडणी यंत्र चालू असतां काढूं नये. आम्हीं एकदां घाईनें तार ओढली. अडॅप्टर तत्क्षणीं निकामी झाला.