विश्लेषण : ड्रेनेज तुंबून मैलापाणी घरात उलटते तेव्हा नेमके काय करायचे?

पावसाळ्यात तळमजल्यावरच्या अनेक घरांत आणि दुकानांत मोरीतून किंवा कमोडमधून मैलापाणी उलटे वर येते. अशा वेळी घाईत चुका होतात. कोणी अ‍ॅसिड ओततो, कोणी अनवाणी पाणी उपसू लागतो, तर कोणी नाक्यावरून माणूस बोलावून त्याला थेट चेंबरमध्ये उतरवतो. ही शेवटची चूक जिवावर बेतू शकते आणि तो गुन्हाही आहे.

मैलापाणी उलटे का येते?

इमारतीतले सांडपाणी पंपाने नव्हे, तर उताराने वाहते. प्रत्येक मजल्याचे पाणी उभ्या पाइपमधून खाली येते, आवारातल्या चेंबरमधून पुढे सरकते आणि रस्त्याखालच्या मलनिस्सारण वाहिनीला मिळते. या मार्गात कुठेही अडथळा आला की मागून येणारे पाणी साचते आणि सर्वात खालच्या तोंडातून बाहेर पडते. हे तोंड बहुधा तळमजल्यावरच्या नहाणीचे किंवा कमोडचे असते. म्हणजे पाणी चौथ्या मजल्याचे आणि त्रास तळमजल्याचा. सॅनिटरी पॅड, डायपर, ‘वेट वाइप्स’, थिजलेले तेल-तूप, बांधकामाचा सिमेंट-चुरा आणि पाइपच्या सांध्यांतून शिरलेली झाडांची मुळे ही तुंबण्याची नेहमीची कारणे.

पावसाळ्यात प्रमाण का वाढते?

मुंबईत पर्जन्यजल वाहिन्या आणि मलनिस्सारण वाहिन्या वेगवेगळ्या आहेत. तरीही रस्त्यावर पाणी साचले की ते झाकणांच्या फटींतून मलवाहिनीत शिरते. अनेकदा लोकच पाणी ओसरावे म्हणून मॅनहोलची झाकणे उघडतात. मग मैल्यासाठी आखलेल्या वाहिनीत पावसाचे पाणी, गाळ आणि प्लास्टिक जाते, ती भरते आणि सखल भागातल्या घरांत उलटते. उघड्या मॅनहोलचा दुसरा धोका मुंबईने २९ ऑगस्ट २०१७ रोजी पाहिला. त्या दिवशीच्या पावसात प्रभादेवी परिसरात एक ज्येष्ठ डॉक्टर मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले.

अडथळा कुठे आहे, हे कसे ओळखायचे?

एकच बेसिन किंवा एकच कमोड तुंबला असेल तर दोष बहुधा घरातल्या पाइपमध्ये असतो. मोरी, कमोड, बेसिन सारे एकदम संथ झाले, किंवा वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्या नहाणीत बुडबुडे आले, तर अडथळा इमारतीच्या सामाईक लाइनमध्ये असतो. आवारातल्या शेवटच्या चेंबरचे झाकण सरकवून दुरूनच पाहावे, आत वाकू नये. ते चेंबर काठोकाठ भरले असेल तर महापालिकेची वाहिनी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. ते रिकामे आणि त्याआधीचे भरलेले असेल, तर काम सोसायटीचे आहे. मुंबईत महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. तक्रार क्रमांक आणि फोटो जपून ठेवावेत.

पहिल्या काही मिनिटांत काय करावे?

सर्वात आधी पाण्याचा वापर थांबवावा, तोही संपूर्ण इमारतीचा. सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकून फ्लश, वॉशिंग मशीन, आंघोळी थांबवायला सांगावे. गरज पडल्यास गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा. पाणी सॉकेटच्या उंचीजवळ येत असेल आणि मेन स्विच कोरड्या जागी असेल तर वीज बंद करावी. पाण्यात उभे राहून स्विचला हात लावू नये. लहान मुले, गर्भवती आणि आजारी व्यक्तींना दुसरीकडे हलवावे.

अ‍ॅसिड अजिबात ओतू नये. तुंबलेल्या पाइपमध्ये ते तसेच साचून राहते आणि नंतर प्लंबरच्या अंगावर उडते. मैल्यातल्या सल्फाइडशी संयोग झाल्यास विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू सुटू शकतो. टॉयलेट क्लीनरमधले अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो.

सफाई कशी करावी?

रबरी बूट, हातमोजे आणि मास्क घालून, खिडक्या उघड्या ठेवूनच काम करावे. आधी घाण काढावी, साबणाच्या पाण्याने जागा धुवावी आणि मगच निर्जंतुकीकरण करावे, कारण घाणीवर टाकलेले ब्लीच फारसे काम करत नाही. ५ टक्के तीव्रतेच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग हे मिश्रण लादीवर किमान दहा मिनिटे राहू द्यावे. भिजलेल्या गाद्या, उशा, कार्पेट टाकून द्यावेत. कपडे गरम पाण्यात वेगळे धुवावेत. पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी जवळ असेल, तर ती रिकामी करून धुतल्याशिवाय ते पाणी वापरू नये.

अशा पाण्यातून कावीळ, टायफॉइड, कॉलरा पसरू शकतात. पावसाचे पाणी मिसळलेले असेल तर लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. त्यामुळे पायाला जखम असल्यास किंवा पाण्यात बराच वेळ चालावे लागल्यास २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषधाबद्दल विचारावे. ताप आल्यास पाण्याशी संपर्क आल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

हॉटेल आणि दुकानांनी काय पाहावे?

स्वयंपाकघरात मैलापाणी आले तर ते पूर्ण साफ होईपर्यंत स्वयंपाक बंद ठेवावा. पाण्याचा स्पर्श झालेले धान्य, भाज्या, पाकिटे फेकून द्यावीत, पाकीट वरून पुसून विकू नये. हॉटेलांची लाइन तुंबते ती मुख्यतः तेलामुळे. त्यामुळे भांडी धुण्याच्या सिंकनंतर ग्रीस ट्रॅप बसवून तो नियमित साफ करणे हाच खरा उपाय. विम्याचा दावा करायचा असेल तर सफाईआधी फोटो-व्हिडीओ घ्यावेत आणि कंपनीला लगेच कळवावे. ड्रेनेज उलटून झालेले नुकसान पॉलिसीत धरले आहे का, हे पावसाळ्याआधीच विचारून घ्यावे.

चेंबरमध्ये माणूस उतरवला तर?

मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो. पण प्रमाण वाढले की वास कळेनासा होतो आणि माणूस बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेलाही तसाच कोसळतो. म्हणून अशा घटनांत अनेकदा दोघे-तिघे दगावतात. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार कोणतीही व्यक्ती किंवा संस्था गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस नेमू शकत नाही. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘आम्ही कंत्राटदाराला सांगितले होते’ हा बचाव पुरेसा नाही, कारण अप्रत्यक्ष नेमणुकीलाही बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. जेटिंग मशीन आणि सक्शन गाडी मागवणे हाच योग्य मार्ग. त्यासाठी केंद्राने १४४२० हा मदत क्रमांक ठरवून दिला आहे.

खर्च कोणाचा आणि पुन्हा होऊ नये म्हणून?

राज्यातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक ड्रेनेज लाइन आणि सेप्टिक टँकची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. ‘त्रास तळमजल्याला, मग खर्चही त्यांचाच’ असे म्हणता येत नाही. घरातल्या नळ-पाइपची जबाबदारी मात्र सदस्याची. मे महिन्यातच सर्व चेंबर यंत्राने साफ करून घ्यावेत, तुटलेली झाकणे बदलावीत आणि सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसावा. रस्त्यापेक्षा खाली असलेल्या इमारतींनी जाणकार प्लंबरच्या सल्ल्याने लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. मात्र व्हॉल्व्ह बंद असताना इमारतीचे स्वतःचे पाणीही बाहेर जात नाही. त्यामुळे अशा वेळी वरच्या मजल्यांनी नळ आवरणे भागच असते.