गोसीखुर्द, पत्ता : ५५ पी/९

वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण पाहायला येणारे ३३ दरवाजे मोजतात, सेल्फी काढतात आणि चहाला पवनीकडे वळतात. आमचं म्हणणं, येण्याआधी एक जुना नकाशा पाहून या. भारतीय सर्वेक्षण विभागाचा, इंचाला मैल या मापाचा, कागद क्रमांक ५५ पी/९. धरणाजवळचं गोसे गाव आणि पवनी दोन्ही याच कागदावर सापडतात. पिनकोड १९७२ साली आला. कागदांना असे क्रमांक देण्याची पद्धत त्याहून कितीतरी म्हातारी.

क्रमांकाचं गणित मजेदार आहे. ५५ हा चार अंश उंच, चार अंश रुंद असा देशाचा एक चौकोन. त्याचे ए ते पी असे सोळा तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचे पुन्हा सोळा. मोजायचं मात्र वरून खाली, मग शेजारचा रकाना. नवखे लोक आडवे मोजत जातात आणि भलत्याच जिल्ह्यात उतरतात! भंडारा शहर ५५ ओ/१२ वर आहे, म्हणजे गाव आणि जिल्ह्याचं ठिकाण वेगवेगळ्या कागदांवर.

या कागदावर खरा भाव खाऊन जाते ती एक तपकिरी रेषा. जुन्या नकाशांवर उंची फुटांत असे आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्चरेषा तपकिरी शाईत. आता धरणाची पूर्ण जलसाठ्याची पातळी बघा : २४५.५० मीटर. फुटांत ती होते ८०५ आणि वर काही इंच. तेव्हा ८०० फुटांची रेषा शोधायची, तिच्यावरून निळी पेन्सिल फिरवायची. काठोकाठ भरलेल्या जलाशयाचा काठ जवळपास तयार. उंचीतला फरक पावणेदोन मीटरही नाही. धानाच्या सपाट पट्ट्यात तेवढाही पुष्कळच म्हणा, पाणी हातभर चढलं की आडवं किती पसरेल याचा नेम नसतो. तरी कुठलं गाव आत आणि कुठलं बाहेर, याचा पहिला अंदाज घरबसल्या येतो.

रेषेच्या आतली नावं वाचायला वेळ काढा. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली ऐंशीहून अधिक गावं या बुडितात गेली. त्यांची नावं नव्या गावठाणांच्या पाट्यांवर आली, पण देऊळ गावाच्या कुठल्या अंगाला होतं, विहिरी किती, बैलगाडीची वाट नदीवर कुठे उतरायची आणि नावेने पार कुठून व्हायचं, हे जुन्या कागदावर खुणांनी नोंदलेलं असतं. नकाशालाही मर्यादा आहेत. वैनगंगेची वाळू तो ठिपक्यांनी दाखवतो; उन्हाळ्यात त्याच वाळूत फुलणाऱ्या डांगरवाड्या त्याच्या गावीही नाहीत. त्यासाठी पुनर्वसित गावातल्या एखाद्या आजीसमोर कागद पसरावा. तिला खुणांची यादी लागत नाही, नदीचं वळण दाखवलं की पुरे.

भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं, तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. पुढचे आकडे विचारू नका, जेवण जाणार नाही. प्रकल्पाचं सरकारी नाव इंदिरासागर, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. भिंतीची लांबी ११.३५ किलोमीटर. इंची नकाशावर ती काढायची तर सात इंच पट्टी लागते, म्हणजे शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी कमी पडते.

एवढं मोठं पाणी येण्याआधीही हा कागद कोरडा नव्हता. उलट निळ्या ठिपक्यांनी तो गजबजलेलाच दिसतो, आणि ठिपक्याला एका बाजूने जाड काळी पाळ. हे मालगुजारी तलाव. कोहळी समाजाने जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखून ते बांधले, तेही समोच्चरेषांचा छापील कागद हाती नसताना. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि आज सगळे त्यांना ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून यातले किती तलाव आक्रसले, किती बोड्यांची, म्हणजे लहान तळ्यांची, शेतं झाली हे तपासणं शाळेच्या प्रकल्पाला झकास विषय आहे. मुलांना ज्वालामुखीची प्रतिकृती करायला लावणं आता पुरे.

माथ्यावरचा प्रांतही वाचायला विसरू नका. इंग्रजी अमदानीतल्या आवृत्तीवर मध्य प्रांत, १९५० नंतरच्यावर मध्य प्रदेश, १९५६ नंतर मुंबई राज्य, १९६० नंतर महाराष्ट्र. गोसेकर जागचा हलला नाही, तरी दहा वर्षांत तीन राज्यांचा रहिवासी झाला. नंतर धरण आलं, तेव्हा राज्य तेच राहिलं आणि माणसं हलली.

पश्चिमेकडे नागपूर–नागभीड नॅरोगेज दिसेल. तिच्यावर ‘पवनी रोड’ नावाचं स्टेशन होतं आणि नावातल्या ‘रोड’चा अर्थ प्रवाशाला उतरल्यावर कळे : गाव अजून लांब आहे. रुंदीकरणासाठी ही छोटी गाडी २०१९ मध्ये थांबली. खुद्द पवनीभोवती मातीच्या जुन्या तटाच्या खुणा आहेत, आणि तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप निघाला. तेव्हा नकाशावरची साधी टेकडीसुद्धा दुर्लक्षून पुढे जाऊ नये.

या सगळ्या मोजणीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक जण विदर्भातच विसावला आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा मोजायला घेणारा विल्यम लॅम्ब्टन मोजत मोजत उत्तरेकडे आला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. याच सर्वेक्षणातल्या एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं. लॅम्ब्टनच्या नशिबी हिंगणघाटचं ऊन.

नकाशे मिळवायचे कुठून? सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर २०१७ पासून नव्या मालिकेचे कागद फुकट उतरवता येतात. १९५० च्या दशकातले अमेरिकी लष्कराचे अडीच लाखांत एक मापाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने खुले ठेवले आहेत. आपल्या वैनगंगेचा नकाशा ऑस्टिनहून उतरवून घ्यायचा, हाही एक योगच! फार जुना कागद हाती लागला तर मात्र त्यावरचे रेखांश जसेच्या तसे मोबाइलमध्ये घालू नका. मद्रास वेधशाळेच्या रेखांशातली चूक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्त झाली. त्याआधीच्या नकाशांवर फरक साधारण अडीच मिनिटांचा. गोसेच्या अक्षांशावर अडीच मिनिटं म्हणजे सव्वाचार किलोमीटर, आणि तेही पूर्वेला.