चढली तं चढली, उतरन कशी?

बुटीबोरीत मे महिन्यात सकाळी दहानंतर लहान मूल अंगणात सोडायची सोय नसते. नवतपा लागायच्या आधीच पारा ४५ च्या आसपास गेलेला असतो. एमआयडीसीच्या आजूबाजूला किरायाने दिलेल्या खोल्यांवर ठिकठिकाणी टिन आहे आणि घरात बसण्यासारखी जागा म्हणजे कूलरसमोरची. सव्वा-दीड वर्षाच्या पोराचा दिवस त्या एका खोलीत जातो. चढायची हुक्की मात्र उन्हाळा बघून थांबत नाही. आधी दिवाण, दिवाणावरून खिडकी, खिडकीतून कूलरचा लोखंडी स्टँड. आपल्या विदर्भातला कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात पंप आणि भोवती ओल्या ताट्या. त्यात करंट उतरला तर काय होतं, हे दर उन्हाळ्यात पेपरात येतं.

माझी धाकटी बहीण इथे पॅकेजिंगच्या कारखान्यात जनरल शिफ्टला जाते. जावयाची शिफ्ट फिरती. दिवसभर नात सांभाळतात त्या बहिणीच्या सासूबाई, वर्ध्याकडच्या, शेतात आयुष्य गेलेल्या. भाचीला नुकते पाय फुटले होते आणि ती सारखी स्टँडकडे धाव घेत होती. रागावून, ओढून, चॉकलेट दाखवून झालं. तेव्हा बहिणीने मोबाइलवर एक फोटो दाखवला. घरात ठेवायची चढायची लाकडी शिडी, त्रिकोणी, दोन्ही बाजूंनी दांडे. किंमत बघून तिनेच मोबाइल बाजूला ठेवला. म्हटलं, फोटो आहे ना, मिस्त्रीला दाखवू.

मिस्त्रींनी फोटो बघून पहिला प्रश्न विचारला, "वजन कितीचं पोरगं?" मी दहा किलो म्हटलं, तर हसले. "ताई, पोरापुरतं नाही करत मी. माया वजनानं उभं राहिलं पाहिजे." बाजूच्या चौकटी त्यांनी जुन्या दाराच्या सागवानातून काढल्या. दांडे खरादवर गोल करून आणले, सव्वा इंची, म्हणजे लहान मुठीत बोटं पुरती वळून अंगठा पलीकडून येईल एवढे. जाड दांड्यावर मुलाची मूठ मिटत नाही, तळवा नुसता टेकतो आणि घाम आला की सुटतो. प्रत्येक दांड्याला कुसू पाडून चौकटीत बसवला. नुसत्या खिळ्यावर ठोकलेला दांडा आधी कुरकुरतो आणि मग फिरतो, आणि पायाखाली फिरणारा दांडा मोडलेल्या दांड्याहून वाईट. उंची अडीच फूट. फोटोत शिडी घडीची होती, पण बिजागरीत बोट चेमटण्याची भीती म्हणून आम्ही घडी काढून टाकली.

अडलं ते दोन दांड्यांमधल्या अंतरावर. फोटोतलं अंतर डोळ्यांनी मोजून मिस्त्री पाच इंच मोकळे ठेवणार होते. मैदानातल्या खेळसाहित्याचा एक जुना नियम आहे. साधारण साडेतीन ते नऊ इंचांची फट धोक्याची, कारण तिच्यातून लहान मुलाचं अंग सरकतं आणि डोकं अडकतं. परदेशात अशा काही शिड्या याच कारणाने बाजारातून परत घ्याव्या लागल्या. म्हणून मोकळी फट साडेतीन इंचांच्या आत धरली, चार दांडे वाढले आणि मिस्त्रींचा एक दिवस वाढला. विकतची घेणाऱ्यांनी आयएसआय शिक्का पाहावा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना तो सक्तीचा आहे आणि घरगुती झोके, घसरगुंड्या व तसल्या खेळण्यांसाठी भारतीय मानक ९८७३ चा चौथा भाग वेगळा आहे. मिस्त्रीकडून करून घेणाऱ्याने मात्र टेप आपल्या हातात ठेवावी.

पॉलिश नको, कारण पोरं लाकूड चावतात. सासूबाईंनी घरातलं घाणीचं जवसाचं तेल काढून दिलं. दोन हात चोळले, चार दिवस वाळू दिलं. (रंगाच्या दुकानात मिळतं ते उकळलेलं जवस तेल यासाठी घेऊ नये, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घालतात. आणि तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप पेटते, ही दंतकथा नाही.)

शिडी दिवाणाच्या कडेपासून आणि ओट्यापासून दूर, खोलीच्या मधोमध ठेवली. खाली सतरंजी आणि एक पातळ गादी. जाड मऊ गादीवर शिडीचेच पाय डुगडुगतात.

भाची चढलीच नाही. दांडे हलवून पाहिले, चाटले, दोन दांड्यांमधून पलीकडच्या आजीला हाक मारली. एका दांड्याला धरून उभी राहिली, बसली, उभी राहिली. संध्याकाळी जावई शिफ्टवरून आले. पोरगी आपल्या खर्चाला दाद देत नाही हे पाहून त्यांनी तिला उचलून थेट वरच्या दांड्यावर बसवलं. तिच्या दोन्ही मुठी आवळल्या गेल्या, पाय ताठ झाले आणि तिने असा टाहो फोडला की शेजारच्या खोलीतून बाई डोकावल्या. त्यानंतर दोन दिवस ती शिडीच्या जवळ गेली नाही.

या शिडीमागचा विचार ज्यांचा, त्या एमी पिकलर या हंगेरियन बालरोगतज्ज्ञ (१९०२ ते १९८४). बुडापेस्टमध्ये १९३० च्या दशकात घरोघरी जाऊन मुलं पाहत असताना त्या आयांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: मूल ज्या स्थितीत स्वतःहून येऊ शकत नाही, त्या स्थितीत त्याला ठेवू नका. बसत नाही तोवर उशा लावून बसवू नका, उभं राहत नाही तोवर बोट धरून चालवू नका. युद्धानंतर, १९४६ मध्ये, त्यांनी तिथल्या लोत्सी रस्त्यावर अनाथ बालकांचं घर सुरू केलं. बुटके कठडे, पेट्या, उतार आणि ही त्रिकोणी शिडी तिथे मुलांपुढे ठेवलेली असे. कोणी कोणाला चढवत नसे. आज त्यांचं नाव लावून शिड्या विकल्या जातात आणि बहुतेक जाहिरातींत वरच्या दांड्यावर बसवलेलं हसरं बाळ असतं. पिकलरबाईंना ते चित्र पटलं नसतं.

आपला पांगुळगाडा याच बाजूचा. त्याच्यामागे मूल स्वतःच्या पायावर उभं राहतं, तोल त्यालाच सांभाळावा लागतो, गाडा फक्त धरायला. प्लास्टिकच्या चाकाच्या वॉकरमध्ये मुलाला बसवून टांगतात. पायांना वेग मिळतो, पायऱ्या कुठे संपतात याचं भान मिळत नाही. जिन्यावरून मुलं कोसळू लागली म्हणून कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजून वाढदिवसाला भेट येतो.

भाची परत शिडीशी आली ती बाबा घरी नसताना. आता सासूबाई विळी घेऊन समोर बसत, पण हात पुढे करत नसत. मी सावरायला वाकले तर म्हणाल्या, "हात नको लावू तिले. पडन तं उठन." या घरात नात कधी पडलीच नाही असं नव्हतंच. अमेरिकेत कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं मोजलं, ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. आपण ज्याला धडपड म्हणून हळहळतो, तो त्या वयाचा नेहमीचा कारभार आहे.

जवळून बघितल्यावर चढण्यातले टप्पे दिसू लागतात. आधी ती हातांनीच चढायची, पाय मागून ओढत. दोन्ही हात वरच्या दांड्यावर, मग एक पाय, मग त्याच दांड्यावर दुसरा. म्हाताऱ्या माणसांचं जिना चढणं असंच असतं. पायाची बोटं दांड्यावर आत वळायची, अंगठा काम करायचा. हनुवटीही वापरायची, वरच्या दांड्यावर टेकवून एक हात मोकळा करायला. हात सोडायच्या आधी एक क्षण थांबा असे, कारण वजन आधी उरलेल्या तीन ठिकाणी जायला हवं. दहाएक दिवसांनी डावा पाय आणि उजवा हात एकत्र पुढे जाऊ लागले. तो बदल कोणी शिकवला नाही, कोणी पाहिलाही नव्हता. एका दुपारी तो झालेला दिसला, एवढंच.

वरच्या दांड्याशी पोचली आणि तिथे अडकली. सासूबाई पुटपुटल्या, "चढली तं चढली, उतरन कशी थे?"

सगळा प्रश्न तिथेच होता. चढताना डोळे आणि हात पुढे असतात, जायची जागा दिसते. उतरताना जायची जागा पाठीमागे, खाली, आणि तिथे आधी पाय पाठवायचा. जिन्यांवर केलेल्या अभ्यासातही हेच दिसतं: मुलं साधारण ११ महिन्यांच्या सुमाराला चढू लागतात, उतरणं त्यानंतर काही आठवड्यांनी येतं, आणि आईबाप जे शिकवतात ते बहुतेक पाठमोरं उतरणंच. भाचीने पाय खाली सोडला, हवेत फिरवला, दांडा बोटभर खाली राहिला, पाय परत वर घेतला. पुन्हा सोडला. काखेतून खाली पाहिलं. रडायच्या बेताला आली. मी उठणार, तेवढ्यात सासूबाईंनी विळी आडवी केली, पुढे सरकल्या आणि तिला न उचलता फक्त तिचा घोटा दोन बोटांत धरून दांड्यावर टेकवला. "पाय," एवढंच म्हणाल्या. दुसरा पाय तिने स्वतःच आणला.

पुढचे काही दिवस "पाय" हा त्या दोघींचा खेळ झाला. मग घोटा धरायची गरज राहिली नाही, नुसता शब्द पुरायचा, आणि नंतर भाचीच उतरताना स्वतःला "पा, पा" म्हणू लागली. या काळात तिचं दिवाणावरून उतरणंही बदललं. आधी ती तोंडाने पुढे कोसळायची. आता कडेशी येऊन पालथी होते आणि पाय मागे सोडते. हे मात्र सगळीकडे गृहीत धरू नये. अ‍ॅडॉल्फ यांच्याच उतारांवरच्या प्रयोगांत रांगायला तरबेज झालेली मुलं तीव्र उताराशी थबकायची. तीच मुलं चालायला लागली की त्याच उतारावरून बेधडक पाऊल टाकायची. अंगाची ठेवण बदलली की कडेचा अंदाज नव्याने शिकावा लागतो. म्हणून नव्यानेच चालू लागलेल्या मुलाला "कळतं त्याला" म्हणून गच्चीवर सोडू नये.

शिडीने मेंदू तल्लख होतो, आत्मविश्वास येतो, पुढे गणित चांगलं जातं, असं विकणारे बरंच लिहितात. माझा त्यावर विश्वास नाही आणि त्याची गरजही वाटत नाही. मी पाहिलं ते एवढंच: मुठीची पकड, खांद्याची ताकद, दोन्ही बाजूंनी वेगवेगळं काम करायची सवय आणि आपल्याला कुठवर जमतं याचा अंदाज. शिवाय वेळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान तीन तास हालचाल सांगितली आहे आणि एका वेळी तासापेक्षा जास्त कुठेही अडकवून ठेवू नका असं म्हटलंय. दहा बाय बाराच्या खोलीत, बाहेर वाफा निघत असताना, हे तीन तास आणायचे कुठून, याचं एक उत्तर ती शिडी आहे. अंगण मिळालं असतं तर तिची फारशी गरज नव्हती.

वस्तू महागच हवी असंही नाही. १९४५ मध्ये बोर्डीला गेलेल्या ताराबाई मोडक आणि त्यांच्याबरोबरच्या अनुताई वाघ यांनी मॉन्टेसरीची परदेशी साधनं गावच्या बालवाडीला परवडत नाहीत हे ओळखून शंख, शिंपले, बिया, पानं यांनाच साधनं केलं. जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्या, घट्ट रचलेल्या दोन गाद्या, भिंतीशी टेकवून दोरीने बांधलेली पेटी, यावरही मूल तेच शिकतं. उचलून वर ठेवायचं नाही आणि उतरताना घाई करायची नाही, हे दोन नियम सगळीकडे सारखे.

आता बुटीबोरीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या आईबापांना एक विनंती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४८ ने ३० पेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सांगितलं, आणि २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना ते लागू केलं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या कलम ४८ मध्ये पुरेशी जागा, उजेड, हवा, स्वच्छता आणि प्रशिक्षित बाई होती. चढायचं काही नव्हतं. तुमच्या पाळणाघरातल्या बाईंना विचारा, मुलं दिवसभरात कशावर चढतात? "आम्ही चढूच देत नाही," असं उत्तर आलं तर त्यांच्यावर चिडू नका, मूल पडलं तर बोल त्यांनाच लागतो. व्यवस्थापनाकडे एका बुटक्या, पक्क्या शिडीची मागणी लेखी द्या, सोबत साडेतीन इंचांचा नियम लिहून द्या, आणि पोरगं कधी खरचटून घरी आलं तर तक्रार करणार नाही, हेही त्याच कागदावर लिहा.